महाग खुर्ची घ्यावी, पण दुरुस्त होणारी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्राच्या घरसजावट पुरवणीत डिझाइनर फर्निचरविषयी आलेला लेख आणि त्यावर नंतर प्रसिद्ध झालेली वाचकांची पत्रे मी लक्षपूर्वक वाचली. लेखात अशा फर्निचरला आयुष्यभराची गुंतवणूक म्हटले आहे, तर बहुतेक पत्रलेखकांनी ती सरळसरळ लूट ठरवली आहे. मी या जिल्ह्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुतारकामाचा शिल्प निदेशक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आणि माझी सगळी हयात लाकूड, फळ्या आणि सांधे यांच्याच संगतीत गेली, म्हणून या वादात चार शब्द लिहावेसे वाटले. माझे मत असे आहे की, फर्निचरला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट किंमत देणे योग्य ठरू शकते, परंतु ती वस्तू मोडल्यावर, भिजल्यावर किंवा झिजल्यावर उघडता, सुधारता आणि पुन्हा जोडता येत असेल तरच. ज्या फर्निचरला दुरुस्ती नाही, त्याच्यावर कितीही मोठे नाव असले तरी जास्तीचा एक रुपयाही देऊ नये.

आधी किमतीचा हिशेब मांडतो, कारण ‘लाकूड लागले असेल किती?’ हा आक्षेप जवळपास प्रत्येक पत्रात आहे. जेवणाच्या टेबलाच्या एका सागवानी खुर्चीचे वजन साधारण सहा किलो भरते. सुकलेल्या सागवानाचा एक घनफूट अठरा किलोंच्या आसपास असतो, म्हणजे तयार खुर्चीत असते ते फार तर एक तृतीयांश घनफूट लाकूड. चिराईत, रंधा मारण्यात आणि गाठी व तडे टाळून निवड करण्यात जवळपास तेवढेच लाकूड जाते असे धरले, तर दोन तृतीयांश घनफूट विकत घ्यावे लागते. चांगल्या सागाचा भाव घनफुटाला पाच हजार रुपये धरला तरी लाकडाचा खर्च साडेतीन हजारांच्या आतच राहतो. आक्षेप घेणारे इथेच थांबतात आणि वीस हजारांची खुर्ची त्यांना फसवणूक वाटू लागते.

पण खरे काम यानंतर सुरू होते. मागचे दोन पाय वरपर्यंत अखंड ठेवून बाकदार कापायचे, पाठीच्या पट्टीला कमरेच्या उंचीवर गोलाई द्यायची आणि डझनभर सांधे साल-कुसू पद्धतीने (एका लाकडात खाच म्हणजे साल, दुसऱ्याच्या टोकाला तीत बसणारी जीभ म्हणजे कुसू) असे बसवायचे की, कुसू हलक्या ठोक्याने आत जावे आणि नुसत्या हाताने ओढून बाहेर येऊ नये. कुसू अर्धा मिलिमीटर जरी सैल राहिले, तरी त्या फटीत भरलेला गोंद वर्षा-दोन वर्षांत भुगा होतो आणि खुर्ची कुरकुरू लागते. असे काम कसबी सुताराला तीन-चार दिवस पुरते. त्यात वेताची बैठक विणणाऱ्याची मजुरी आणि पॉलिश मिळवले, तर दहा-बारा हजार रुपये कारखान्यातच लागून जातात. पुढे जागेचे भाडे, न विकला गेलेला माल, वाहतूक, दुकानदाराचा नफा आणि १८ टक्के वस्तू व सेवा कर आहेच. अशा खुर्चीला कोणी वीस-पंचवीस हजार रुपये सांगितले, तर त्यात अवाजवी काही आहे असे मला वाटत नाही. प्रश्न उभा राहतो तो त्याच खुर्चीला ऐंशी हजार किंवा लाख रुपये सांगितले जातात तेव्हा. उरलेले पंचावन्न ते ऐंशी हजार रुपये कशाचे, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.

त्याचे एक प्रामाणिक उत्तर असू शकते. ते म्हणजे विचाराचा खर्च. सर्व फर्निचरमध्ये खुर्ची करायला सर्वांत अवघड, कारण कपाट जागेवर उभे राहते, पण खुर्चीवर माणूस बसतो, रेलतो, मागच्या दोन पायांवर झोका घेतो आणि हा सगळा ताण मागच्या पायाच्या एका सांध्यावर येतो. तो सांधा टिकावा, पाठ दुखू नये आणि खुर्ची एका हाताने उचलता यावी, या तिन्ही गोष्टी एकदम साधायच्या तर अनेक नमुने करून मोडावे लागतात. हर्मन मिलर या अमेरिकी कंपनीची १९९४ साली आलेली एरॉन ही कार्यालयीन खुर्ची आपल्याकडे लाखाच्या पुढे जाते. ती लहान, मध्यम आणि मोठ्या अशा तीन मापांत मिळते आणि कंपनी तिला बारा वर्षांची हमी देते. दिवसाचे आठ-नऊ तास संगणकापुढे बसणाऱ्या माणसाने ती घेतली, तर मी त्याला उधळ्या म्हणणार नाही. माणसांची शरीरे सारखी नसतात ही गोष्ट गृहीत धरून कोणी खुर्ची केली आणि बारा वर्षे तिची जबाबदारी घेतली, तर त्याचे पैसे मागण्याचा त्याला हक्क आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. फर्निचरची परीक्षा दुकानात होत नाही. आपल्या सांगलीत ती कृष्णामाईने घेतली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, जेव्हा धोक्याची पातळी ४५ फूट आहे. गावभाग, मारुती चौक, हरभट रस्ता या भागांतल्या तळमजल्यांत पाणी काही दिवस तसेच उभे होते. पाणी ओसरल्यावर रस्त्याच्या दोन्ही कडांना संसाराचे जे ढीग पडले, ते या शहरातल्या कोणीही विसरलेले नाही. माझ्यासारख्याचे लक्ष त्यातल्या फर्निचरकडे गेले नसते तरच नवल. त्या ढिगांत सर्वांत जास्त होती ती पार्टिकल बोर्डची आणि एमडीएफची कपाटे, टीव्ही युनिट आणि पलंग. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि रेझिन दाबून केलेली फळी; एमडीएफ तशीच, पण लाकडाच्या बारीक तंतूंची. तिच्या कडेला पाणी लागले की चुरा फुगतो आणि पुन्हा कधीही मूळ जाडीवर येत नाही. अठरा मिलिमीटरची फळी पावाच्या तुकड्यासारखी फुगलेली, वरचा लॅमिनेट सुटून लोंबणारा, बिजागरीचे स्क्रू बोटाने बाहेर येणारे, अशी ती कपाटे होती. त्यातली काही अगदी महागाची होती, काहींच्या दारांवर नामांकित दुकानांची चकचकीत पट्टी तशीच होती. दुरुस्तीचा प्रश्नच नव्हता, कारण फुगलेल्या चुऱ्यात नवा स्क्रू धरत नाही आणि नवी फळी बसवायची तर सगळे कपाटच नवे करावे लागते.

त्याच घरांतले जुने सागवानी आणि शिसवी सामानही पाण्यातच होते. त्यातल्या बऱ्याच खुर्च्यांचे सांधे सुटले, कारण जुने सुतार सरस वापरत आणि सरस पाण्यात विरघळतो. वरवर पाहता हे वाईट वाटेल, पण खरी गंमत यातच आहे. सांधा सुटला म्हणून लाकूड फाटले नाही. सुटे झालेले भाग गोड्या पाण्याने धुऊन, विटांवर आडवे ठेवून सावलीत वाळवायचे. उन्हात ठेवायचे नाहीत, कारण वरचा थर आधी आकसला की तडे जातात. लाकूड पूर्ण सुकले की जुना सरस गरम पाण्याने काढून कुसू साफ करायचे, सांधा पुन्हा जोडायचा, दोरीने आवळायचा आणि लाखेच्या पॉलिशचा हात द्यायचा. लाखेचे पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून त्याचा नवा थर जुन्यात मिसळून जातो आणि खराब झाला तेवढाच भाग दुरुस्त होतो. पूरग्रस्त घरांतल्या अशा अनेक खुर्च्या, देव्हारे आणि पलंग त्या हिवाळ्यात पुन्हा उभे राहिले. काही जुलै २०२१ च्या पुरात पुन्हा भिजले आणि पुन्हा सावरले. त्यांची मूळ किंमत कोणालाच आठवत नसेल, पण ती पूर्ण वसूल झाली हे निश्चित.

पूर येतो म्हणून सर्वांनी सागवानच घ्यावे असे मी म्हणत नाही. सागवान सर्वांना परवडत नाही, आणि चांगला प्लायवूड ही अतिशय उत्तम वस्तू आहे. आय. एस. ७१० या मानकाच्या मरीन प्लायला ७२ तास उकळत्या पाण्याची चाचणी पार करावी लागते. त्याच्यावर अर्ध्या मिलिमीटरचा सागाचा व्हिनिअर (खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा) लावून केलेले टेबल हीसुद्धा फसवणूक नव्हे, फक्त ते व्हिनिअरचे आहे हे सांगितले पाहिजे. चीड येते ती पार्टिकल बोर्डला लाकडी म्हणून विकले जाते आणि त्यासाठी सागवानाची किंमत घेतली जाते तेव्हा.

जगातले जे फर्निचर डिझाइनचा आदर्श म्हणून दाखवले जाते, तेही याच कसोटीला उतरते, हे पुरवणीतल्या लेखात यायला हवे होते. जर्मन-ऑस्ट्रियन फर्निचर कारागीर मिखाएल टोनेटची १९५९ नव्हे, तब्बल १८५९ सालची चौदा क्रमांकाची खुर्ची घ्या. बीच लाकडाच्या दांड्या वाफेवर मऊ करून लोखंडी साच्यात वाकवायच्या, हे तिचे तंत्र. संपूर्ण खुर्चीला सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट लागत. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात मावत आणि पोहोचल्या ठिकाणी जोडल्या जात. एखादा भाग मोडला तर तेवढाच बदलायचा. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत ज्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांवर आपल्या आजोबांनी चहा घेतला, त्या याच घराण्यातल्या. ही खुर्ची श्रीमंतांसाठी नव्हती, ती कॅफेंसाठी स्वस्तात तयार केलेली होती, आणि तरीही तिच्याइतके डिझाइन पुढे फार थोड्या वस्तूंत उतरले. डेन्मार्कच्या हान्स वेग्नरने १९४९ साली केलेली विशबोन खुर्ची आज पुष्कळ महाग आहे, पण तिची बैठक सुमारे १२० मीटर कागदी दोरीने हाताने विणलेली असते आणि झिजल्यावर ती पुन्हा विणून घेता येते. लाकडी सांगाडा तोच राहतो. आपल्याकडे वेताच्या खुर्चीचे आणि बाजेचे हेच तत्त्व आहे. झिजणारा भाग वेगळा आणि टिकणारा भाग वेगळा ठेवायचा, हे शहाणपण आपल्या घरांत आधीपासून होते.

चंदीगडच्या खुर्च्यांची हकिकत याबाबतीत फार बोलकी आहे. १९५० च्या दशकात ते शहर उभे राहत असताना स्विस वास्तुरचनाकार पिएर जाँनरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सचिवालय, उच्च न्यायालय, विद्यापीठ अशा इमारतींसाठी सागवान आणि वेताचे साधे फर्निचर आखले आणि तिकडच्याच सुतारांनी ते हजारोंच्या संख्येने बनवले. पुढे वेत फाटला, पॉलिश गेले, खुर्च्या गच्चीवर आणि आवारात ढिगाने पडून राहिल्या आणि भंगाराच्या भावात लिलावात निघाल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या नेल्या, नवा वेत विणला, पॉलिश केले आणि युरोप-अमेरिकेच्या लिलावांत त्यांना लाखो रुपये मिळू लागले. अखेर २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाला त्यांची विक्री आणि निर्यात रोखण्याचे आदेश काढावे लागले. त्या लाखोंच्या बोलीत संग्राहकांची हौस आणि दुर्मीळपणाची किंमत आहे, तिच्याशी आपल्यासारख्या बसणाऱ्यांना कर्तव्य नाही. मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. पन्नास वर्षे सरकारी कार्यालयात वापरून, उन्हापावसात टाकून दिलेली खुर्ची नुसता वेत बदलून पुन्हा उभी राहू शकली. आज आपल्याकडे लाखाला विकल्या जाणाऱ्या किती सोफ्यांबद्दल असे म्हणता येईल?

भारतात नोंदणी केलेल्या डिझाइनला २००० च्या डिझाइन कायद्यानुसार आधी दहा आणि वाढवून मिळणारी पाच, अशी एकूण पंधरा वर्षे संरक्षण असते. ज्याने डोके चालवले त्याला तेवढी वर्षे त्याचे फळ मिळावे, हे न्याय्यच आहे. एखादी नवी वस्तू थोड्या संख्येने निघते तेव्हा विचाराचा सगळा खर्च त्या थोड्या नगांवरच पडतो आणि ती महाग असते, हेही समजण्यासारखे आहे. परंतु तीच वस्तू वर्षानुवर्षे हजारोंनी निघू लागल्यावर किंमत खाली यायला हवी. ती आली नाही, तर आपण नावाचे पैसे देत आहोत हे उघड आहे. ज्याला ते द्यायचे आहेत त्याने खुशाल द्यावेत, पण त्याला गुंतवणूक म्हणू नये. वापरलेला सोफा विकायला काढला की पहिल्याच दिवशी काय भाव येतो, हे सांगलीतल्या कोणत्याही जुन्या सामानाच्या दुकानात जाऊन विचारावे.

शरीराच्या मापांचा मुद्दा लेखात अजिबात आलेला नाही, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. परदेशी मापाने केलेल्या खुर्च्यांची बैठक जमिनीपासून पंचेचाळीस सेंटिमीटर किंवा त्याहून उंच असते आणि तिची खोलीही त्याच हिशेबाने जास्त असते. आपल्याकडची पाच फूट उंचीची गृहिणी त्यावर पाठ टेकून बसली की तिचे पाय अधांतरी राहतात, मांडीच्या खालच्या बाजूला कड रुतते आणि अर्ध्या तासात पायांना मुंग्या येतात. मग ती पुढे सरकून बसते आणि महागाची पाठ नुसती शोभेला उरते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने भारतीयांच्या शरीराची मापे १९९७ सालीच पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आहेत, तेव्हा माहिती नाही अशी सबब कोणाला देता येणार नाही. शिवाय आपण सोफ्यावरही मांडी घालून बसतो. आजी पाय वर घेऊन भाजी निवडते, मुले त्यावरच अभ्यास करतात. बैठक थोडी रुंद, थोडी खाली आणि हात अरुंद असा सोफा आपल्या घरासाठी आखणारा डिझायनर भेटला, तर त्याला त्याचे मोल जरूर द्यावे. आपल्या जेवणाच्या पाटाकडे पाहा. फळीच्या खाली आडव्या दोन पट्ट्या असतात. त्या पाट जमिनीपासून उचलून धरतात, उचलायला बोटांना जागा देतात आणि पाणी लागून फळी वाकू लागली तर तिला सरळ राखतात. ज्याने हे पहिल्यांदा केले त्याचे नाव कुठे नोंदलेले नाही, पण तो डिझायनर होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

या पार्श्वभूमीवर आपल्या शहरांत डिझाइनर म्हणून काय विकले जाते ते पाहिले की वाईट वाटते. मोठ्या शोरूममधला सोफा उलटा करून खालचे काळे कापड जरा उचलून बघावे, असे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो. आत पुष्कळदा हलक्या पाइनच्या किंवा कच्च्या प्लायच्या पट्ट्या असतात, त्या सांध्यांऐवजी पिनांनी ठोकलेल्या असतात, आणि वरचा फोम ज्या घनतेचा सांगितला जातो त्या घनतेचा आहे की नाही हे तपासायला काही साधन नसते. बैठकीला चाळीस घनतेचा (म्हणजे घनमीटरला चाळीस किलो भरणारा) फोम लावला तर तो वर्षानुवर्षे टिकतो, त्याहून हलका लावला तर लवकरच खड्डा पडतो, आणि कापड कायमचे चिकटवलेले असल्यामुळे फोम बदलायचा तर सगळा सोफाच फाडावा लागतो. कापडाला साधी चेन लावली असती तर हे झाले नसते. एका नामवंत दुकानातून आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाने घेतलेल्या पलंगाचा ड्रॉवरचा चॅनल तुटला, तेव्हा तो भाग आता येत नाही, संपूर्ण ड्रॉवर संच घ्या, असे उत्तर मिळाले. शेवटी टिंबर एरियातल्या एका मिस्त्रींनी दुसऱ्या मापाचा चॅनल बसेल अशी लाकडी पट्टी आत मारून दिली आणि ड्रॉवर चालू झाला. त्या कामाचे त्यांनी जे पैसे मागितले तेवढ्यात हल्ली दोन माणसांचे जेवणही होत नाही, आणि तरीही त्यांच्याशी घासाघीस झाली, याची मला मनापासून लाज वाटते.

माझे खरे दुःख इथे आहे. शोरूममध्ये लावलेल्या किमतीच्या पाटीपुढे आपण मान डोलावतो, पण तीच खुर्ची सुताराने करून दिली तर त्याच्या हजेरीचा हिशेब मागतो. त्याने काढलेल्या आराखड्याचे, मापे घेण्यात घालवलेल्या वेळाचे, करून मोडलेल्या नमुन्याचे पैसे त्याला कोणीही देत नाही. मग तोही विचार करणे सोडतो आणि मोबाईलवर दाखवलेल्या फोटोबरहुकूम प्लाय कापून देतो. दुकानदाराकडून मिळणाऱ्या कमिशनवर त्याला भिस्त ठेवावी लागते ती यामुळेच, आणि मग हलक्या प्लायवर चांगल्या प्लायचा शिक्का चालून जातो. माझ्या वर्गात सुतारकामाला पहिली पसंती देऊन येणारी मुले क्वचितच असत. जी येत, त्यांतली सर्वांत हुशार मुले रेखाटन आवडले तरी पुढे त्यात पोट भरेल का, असे विचारत आणि मला छातीठोकपणे हो म्हणता येत नसे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतारांना अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते ही चांगली गोष्ट आहे, परंतु पाच-सात दिवसांच्या मूलभूत प्रशिक्षणात शरीराची मापे, आराखडा आणि किंमत काढण्याची पद्धत शिकवून होत नाही. त्यासाठी वेगळा अभ्यासक्रम हवा.

कारागिराला त्याच्या विचाराचे मोल द्यायचे आपल्या भागाला माहीत नाही असेही नाही. मिरजेचा तानपुरा घ्या. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात हे काम हाती घेतले आणि २०२४ साली मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळा कितीला आणला, लाकूड किती लागले, असा हिशेब तिथे कोणी गवई करत नाही. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवर जवारी (स्वर भरदार झंकारावा म्हणून घासून आणलेली बारीक गोलाई) कशी लागली आहे, यावर किंमत ठरते, आणि ती लावणाऱ्या हाताचा मान राखला जातो. तारांच्या घर्षणाने घोडी झिजली की तोच तानपुरा कारागिराकडे येतो, जवारी पुन्हा काढली जाते आणि वाद्य आणखी कित्येक वर्षे वाजते. भारी किंमत आणि पुढची दुरुस्ती हे तिथे एकाच व्यवहाराचे दोन भाग आहेत. सांगली-मिरजेतल्या सुतारांना आणि इथून शिकून बाहेर पडणाऱ्या तरुण डिझायनरांना हाच व्यवहार का मिळू नये?

म्हणून माझी आपल्यामार्फत काही मागणी आहे. भारतीय मानक ब्युरोची प्लायवूड, पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ यांसाठी वेगवेगळी मानके आहेत, खुर्च्या, टेबले, कपाटे आणि पलंग यांसाठीही आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूच्या दर्जाची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. तेव्हा ठरावीक किमतीच्या वरचे फर्निचर घेताना प्रत्येक ग्राहकाने बिलावर लाकडाचे नाव, फळीचा प्रकार आणि तिचा मानक क्रमांक, फोमची घनता आणि सुटे भाग किती वर्षे मिळतील हे लिहून मागावे. जो दुकानदार लिहून देईल त्याला किंमत थोडी जास्त द्यावी लागली तरी द्यावी. जो लिहून देणार नाही, त्याच्याकडून किती का सवलत मिळेना, वस्तू घेऊ नये. सुताराकडून काम करून घेणाऱ्यांनी आराखड्याची रक्कम मजुरीपेक्षा वेगळी ठरवावी आणि ती काम सुरू होण्याआधी द्यावी. मिस्त्रींनीही अंदाजपत्रकात तो रकाना संकोच न करता घालावा.

आपल्या पुरवणीलाही एक विनंती आहे. घरसजावटीच्या लेखासोबत फर्निचरची छायाचित्रे आणि किमती छापल्या जातात, त्याच चौकटीत ती वस्तू कशाची केलेली आहे आणि तिचा कोणता भाग बदलता येतो, या दोन गोष्टींचीही नोंद छापावी. जिल्ह्यातल्या वेत विणणाऱ्यांची, पॉलिशवाल्यांची आणि जुन्या खुर्च्या सांधणाऱ्या मिस्त्रींची माहिती त्यांच्या संमतीने अधूनमधून दिलीत, तर पावसाळ्यापूर्वी ती अनेक घरांच्या उपयोगी पडेल. अशा माहितीसाठी सांध्यांचे आणि फळ्यांचे प्रकार दाखवणारी रेखाचित्रे हवी असतील तर मी ती आनंदाने काढून देईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक (सुतारकाम),
विश्रामबाग, सांगली